बोगदा, अर्धी गोळी आणि सव्वा दोन तास वेटिंग: साताऱ्यातल्या एका मनोविकार क्लिनिकचा अनुभव

क्लिनिकचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत आणि मला अजून चार महिने तिथंच जायचंय.

माझं ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे. अस्तर, लेस, लटकन आणायला दर पंधरा दिवसांनी एसटीनं पुण्याला, रविवार पेठेत बोहरी आळीत जायचे. मागच्या फेब्रुवारीत जाताना खंबाटकीच्या बोगद्यात गाडी अडकली. पाच-सातच मिनिटं असतील. पण छाती अशी धडधडायला लागली की शेजारणीला ऐकू जाईल असं वाटलं. बोटांना मुंग्या, घशाला कोरड, आणि आता आपण जातोय ही खात्रीच. शिरवळला उतरले आणि ह्यांना फोन केला. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल. ‘गॅसेस असतील’ असं तिथले डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. तीन आठवड्यांनी किराणा दुकानाच्या रांगेत पुन्हा तेच.

मग सहा महिने बसमध्ये पाय ठेवला नाही. माल फोनवर मागवायचा. रामा रंग सांगितला की मोरपंखी यायचा. जवळच्या दवाखान्यातून मिळालेली अल्प्राझोलामची, म्हणजे भीती तात्पुरती शमवणाऱ्या औषधाची, अर्धी गोळी पर्समध्ये कायम. ती घेतली की तासाभरात बरं वाटायचं, पण घराबाहेर पडायचं धाडस काही यायचं नाही.

या क्लिनिकला थोरल्या जाऊबाई घेऊन गेल्या. पहिल्या भेटीचे ९०० रुपये, आणि डॉक्टरांनी खरंच चाळीस मिनिटं दिली. आधी सात प्रश्नांचा मराठी कागद: गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटलं वगैरे. २१ पैकी माझे १३ आले. मी घाबरले, तर म्हणाले, “ताई, हा नुसता तराजू आहे. कशाचं वजन आहे ते अजून बघायचंय.” थायरॉइडची टीएसएच तपासणी लिहून दिली, कारण थायरॉइड वाढला तरी छाती धडधडते. चहा किती कप, तेही विचारलं. सात सांगितले. (खरं तर नऊ.)

मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो तोवर कुणी विचारलाच नव्हता: भीती दिवसभर असते, की अचानक येते आणि जाते? येत नाही तेव्हा कशाची भीती वाटते? मी म्हटलं, ती पुन्हा येईल याचीच. त्यावरून निदान झालं: पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक येणारे भीतीचे झटके, आणि जिथून चटकन निघता येत नाही अशा जागा टाळायला लागले होते, तो अ‍ॅगोराफोबिया. तोवर मला सगळे माप न घेताच ब्लाउज शिवून देत होते.

जाऊबाई शेजारी बसून मान डोलावत होत्या. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःचाच केस पेपर काढला. त्यांना झटके येत नाहीत. त्यांची काळजी सकाळी दुधापासून सुरू होते आणि रात्री पोरीच्या लग्नापर्यंत जाते. मान आखडलेली, झोप नाही, असं वर्षभर. हे जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर, म्हणजे सहा महिने किंवा जास्त काळ बहुतेक दिवस सगळ्याचीच चिंता. “गॅसचं बटण चारदा बघते, म्हणजे ओसीडी का?” त्यांनी विचारलं. ओसीडी म्हणजे नको ते विचार आणि तीच तीच कृती थांबवता न येणं; नुसत्या बटणावरून तसं म्हणता येत नाही, डॉक्टर म्हणाले. शिवाय मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात २०१३ पासून ओसीडी चिंताविकारांत धरतही नाहीत. तोंडी परीक्षेला न जाणाऱ्या भाच्याबद्दल विचारलं, तर न बघता बोलणार नाही, त्याला घेऊन या, म्हणाले. हे मला आवडलं.

मला एस्सिटालोप्राम हे चिंता-नैराश्यावरचं औषध दिलं, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. (माझं बघून कुणी घेऊ नका.) सुरुवातीला अस्वस्थता आणि मळमळ वाढू शकते, गुण यायला काही आठवडे लागतात, बरं वाटलं तरी कित्येक महिने चालू ठेवायची, मनानं बंद करायची नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पहिले दहा दिवस वाईट गेले. सांगितलं नसतं तर मी पुडी फेकून दिली असती. अल्प्राझोलाम हळूहळू कमी करून बंद केली. तिची सवय लागते.

खरा कस समुपदेशक ताईंकडे लागला. पंचेचाळीस मिनिटांचे ७०० रुपये, आठ वेळा. त्यांनी मला स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, जिने धावत चढवले, खुर्चीवर गरगर फिरवलं. भरभर श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात. ते मुद्दाम करून बघितल्यावर मुंग्यांची दहशत ओसरली. मग पायऱ्या ठरल्या: स्टँडवर नुसतं बसणं, भुईंजपर्यंत जाऊन येणं, सुरूर, शेवटी बोगदा. दाराजवळची सीट नाही, पर्समध्ये गोळी नाही. रामरक्षा म्हटली तर चालेल का, विचारलं. “घरी दिवेलागणीला जरूर म्हणा,” त्या म्हणाल्या, “बोगद्यात भीती घालवायला म्हणू नका. नाहीतर मन म्हणेल, रामरक्षेमुळे वाचलो, एरवी मेलो असतो.” सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

आता तक्रारी. अकराची वेळ देतात, नंबर सव्वाएकला लागतो. काउंटरवरची मुलगी भरल्या बाकांसमोर “त्या पॅनिकवाल्या ताई कुठायत?” असं ओरडली. समुपदेशनाच्या खोलीला प्लायवूडचं पार्टिशन आहे, पलीकडच्या बाईंच्या सुनेचं सगळं मला पाठ झालंय. तीन महिन्यांत पाच वेळचे डॉक्टर, समुपदेशन आणि रक्त तपासणी मिळून ८,८५० रुपये गेले, गोळ्या वेगळ्या, आणि आमच्या मेडिक्लेममध्ये ओपीडी बसत नाही. ज्यांना एवढं परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेली मानस सेवा आहे: १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीतही. जाऊबाईंनी एका रात्री दोन वाजता लावला होता; पलीकडच्या बाईंनी वीस मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं.

डॉक्टरांना पाचपैकी पाच, समुपदेशक ताईंना पाच, काउंटरला एक.

गेल्या महिन्यात बोहरी आळीतून रामा रंगाची लेस स्वतः निवडून आणली. जाताना बोगद्यात धडधडलं, थोडं. जाऊबाईंची पुढची तारीख मंगळवारी, अकराची. आम्ही डबा घेऊन जाणार आहोत.