वारुळावरची अळंबी की लॉनमधली छत्री? इंदूरवाल्यांनी घ्यायची कुठली

पाऊस लागला की आमच्या कॉलनीत दरवर्षी कोणीतरी विचारतंच, बगीच्यात एवढ्या पांढऱ्या छत्र्या आल्यात, खायच्या का? आणि कुणाच्या ओळखीतलं महू-चोरलकडून रानातली अळंबी घेऊन आलं की तोच प्रश्न उलटा, की ही घ्यायची का. दोन्ही पांढऱ्या नि मोठ्या, त्यामुळे टोपी बघून ठरवूच नका, आधी विचारा उगवली कुठे.

रानातली ती टर्मिटोमायसिस. वाळवी पाचोळा-लाकूड नेऊन जमिनीखाली स्पंजासारखं पोळं बांधते, त्यावर ही बुरशी वाढवून खाते, आणि चांगला पाऊस झाला की तीच जमीन फोडून वर येते, म्हणून वारुळावर किंवा त्याच्या आसपासच सापडते. टोपीला मधोमध टोक, आणि देठ मुळासारखा खाली लांबच लांब, पार पोळ्यापर्यंत. म्हणून देठ कापलेली अळंबी मी घेतच नाही, कितीही ताजी असू दे.

लॉनमधली बहुतेकदा क्लोरोफायलम मोलिब्डायटीस, विषारी. गवतात, पुष्कळदा गोल रिंगणात उगवते, टोपीवर तपकिरी खवले, देठाला कडं, खाली लांब मुळी नाही. कोवळेपणी खालच्या पात्या पांढऱ्याच असतात, तिथेच लोक फसतात, हिरवट रंग नंतर येतो. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब, आणि शिजवली तरी भरवसा नाही. टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवा, हिरवट भुकटी पडली तर सरळ फेका, वारुळावरचीची गुलाबीसर पडते. पण गुलाबी पडली म्हणून खायला चालते असं नाही हं. विषारी अळंबीने चांदीचा चमचा काळा पडतो वगैरे अजिबात मानू नका.

कोणी बस्तरचा बोडा, म्हणजे तिकडची जमिनीतली गोल अळंबी, सुचवेल, पण तो साल वृक्षाच्या मुळांशी वाढतो, सालची झाडं मंडला-डिंडोरीकडे, आपल्या माळव्यात साग. म्हणजे इथे मिळाला तर तो लांबून आलेला, कधी काढला ते विचारा.

माझं ठरलंय: लॉनमधली कधीच नाही, वारुळावरची फक्त मुळीसकट आणि आणणारा खात्रीचा असेल तरच, नाहीतर बाजारातली धिंगरी (ऑयस्टर मशरूम). पहिल्यांदा थोडीच खा आणि एक कच्ची फ्रिजमध्ये ठेवा, त्रास झालाच तर डॉक्टरांना दाखवता येते. उलट्या सहा-बारा तासांनी सुरू झाल्या तर जास्त घाबरा, काही जाती तेव्हा आतून लिव्हर खात असतात, बरं वाटलं तरी हॉस्पिटल गाठाच.