हरल्यानंतर काय होते? दोन जुने आणि दोन नवे आरपीजी

'बाल्डर्स गेट' या १९९८ सालच्या आरपीजीमध्ये, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या कॉम्प्युटर गेममध्ये, पहिल्याच रात्री आपला पालनकर्ता गोरायन मारला जातो आणि आपण बालमैत्रीण इमोएनला सोबत घेऊन फ्रेंडली आर्म नावाच्या सराईपाशी येऊन पोहोचतो. सराईच्या पायऱ्यांवर टार्नेश नावाचा एक मांत्रिक उभा असतो. तो गोड बोलून आपली चौकशी करतो, ओळख पटताच स्वतःभोवती आपलीच प्रतिबिंबे उभी करतो, भीतीचा मंत्र टाकतो आणि पार्टीतली, म्हणजे आपल्या टोळीतली, माणसे सैरावैरा पळत सुटली की जादूचे बाण सोडून आपला जीव घेतो. पहिल्या लेव्हलच्या मांत्रिकाकडे कसेबसे चार ते सहा हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजणारे गुण, असतात, त्यामुळे हे सगळे पाच-सात सेकंदांत उरकते. सराईच्या दाराआड गोरायनची जुनी स्नेही जाहेरा आणि तिचा नवरा खालिद आपली वाट पाहत बसलेले असतात, आणि आपण पायरीवरच मरून पडलेले असतो.

मी हा गेम सांगलीला मामेभावाच्या कॉम्प्युटरवर खेळले, तोही प्रसिद्ध झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००५ च्या सुमारास. तेव्हा भारनियमनामुळे रोज ठरावीक वेळी वीज जात असे आणि कधीकधी ती वेळेआधीही जाई. युपीएसची बॅटरी जेमतेम तीन मिनिटे टिकायची. त्यामुळे दर दहा मिनिटांनी गेम सेव्ह करण्याची, म्हणजे तोवरचा खेळ साठवून ठेवण्याची, सवय हाताला लागली ती आजतागायत सुटलेली नाही. आपण हरलो तर काय, या प्रश्नाचे तेव्हा एकच उत्तर होते: मागचा सेव्ह लोड करायचा. पुढे अनेक आरपीजी खेळल्यावर लक्षात आले की या प्रकारातले चांगले आणि थोर गेम वेगळे ओळखायचे असतील, तर खेळणारा हरल्यावर गेम त्याचे काय करतो, हे पाहावे. ग्राफिक्स, नकाशाचा विस्तार आणि खेळायला लागणारे तास या गोष्टी त्यानंतर येतात. याच कसोटीवर मी इथे माझ्या आवडत्या चार गेमची तुलना करणार आहे.

'बाल्डर्स गेट' बायोवेअरने बनवला, तो पाच सीडींवर आला, आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागदावर खेळल्या जाणाऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम त्याने जवळजवळ जसेच्या तसे उचलले. सहा जणांची पार्टी, वरून तिरके दिसणारे रेखीव देखावे, आणि स्पेसबार दाबून कोणत्याही क्षणी लढाई थांबवून प्रत्येकाला वेगळा हुकूम देण्याची सोय, ही त्याची बलस्थाने आजही जुनी वाटत नाहीत. नियम मात्र नवख्याला चक्रावून टाकतात, कारण चिलखताचा आकडा जितका कमी तितके संरक्षण जास्त, हे गणित डोक्यात बसायला वेळ लागतो. मेलेल्या साथीदाराला देवळात नेऊन पैसे मोजून उठवता येते, पण घाव फारच जबर बसला असेल तर त्याच्या देहाचे तुकडे होतात आणि तो कायमचा जातो. नायक मेला की गेम तिथेच संपतो. हा कठोरपणा मला आवडतो, कारण त्यातून डावपेच शिकायला मिळतात. पण कथेला आपल्या पराभवाची काहीच खबर नसते. टार्नेशकडून सात वेळा मेलेली मी आणि पहिल्याच फटक्यात त्याला लोळवणारा माझा भाऊ, आम्हा दोघांची गोष्ट पुढच्या पानापासून हुबेहूब सारखी होती.

त्यानंतर एकाच वर्षाने, डिसेंबर १९९९ मध्ये, त्याच इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या त्याच मूळ सॉफ्टवेअरवर, ब्लॅक आइल स्टुडिओजने 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' काढला. क्रिस अ‍ॅव्हेलोन हे त्याचे प्रमुख डिझायनर होते. सिजिल नावाच्या शहरातल्या शवागारात एक माणूस दगडी चौथऱ्यावर जागा होतो, त्याला स्वतःचे नावही आठवत नाही, आणि मॉर्ट नावाची तरंगती कवटी त्याच्या पाठीवर गोंदलेला मजकूर त्याला वाचून दाखवते. हा माणूस मरू शकत नाही. लढाईत पडला की तो थोड्या वेळाने पुन्हा उठतो, आणि काही ठिकाणी मरण हेच पुढे सरकण्याचे साधन होते. ज्या प्रकारात मृत्यू म्हणजे 'पुन्हा लोड करा' एवढाच अर्थ होता, तिथे या लेखकांनी मृत्यूलाच कथेचा विषय केला. त्यातली खरी मेख अशी की आपल्या प्रत्येक मरणाची किंमत दुसरे कोणीतरी मोजत असते, आणि हे आपल्याला फार उशिरा कळते. ते कळल्यावर मी आधी बेफिकिरीने पत्करलेली सगळी मरणे आठवून खरोखर अस्वस्थ झाले होते. कोणत्याही गेमने तोवर मला माझ्या खेळण्याच्या पद्धतीचा जाब विचारला नव्हता.

या गेममधली एक जागा मला विशेष प्रिय आहे. डाक्कोन नावाच्या साथीदाराजवळ दगडी कड्यांची एक चकती असते आणि तिची एकेक कडी फिरवत गेले की त्याच्या धर्मपुरुषाची एकेक कथा उलगडते. डाक्कोन आपल्याला कथा वाचायला देतो आणि मग तिचा अर्थ विचारतो. उत्तर उथळ असेल तर तो पुढची कडी उघडून दाखवत नाही. एखाद्या जाणत्या माणसासमोर बसून पोथीतल्या ओवीचे निरूपण करावे, तसा हा प्रसंग आहे, आणि त्यात तलवार एकदाही उपसावी लागत नाही. पुढे पुढे आपणच गुरूपेक्षा खोल अर्थ सांगू लागतो आणि डाक्कोनची स्वतःची डळमळलेली श्रद्धा त्यामुळे सावरते. 'टॉर्मेंट'ची लढाई मात्र कंटाळवाणी आहे, उत्तरार्धात तिचे प्रमाण वाढते, आणि तिथे नेटाने पुढे जावे लागते. ज्यांना स्क्रीनवर पानेच्या पाने वाचण्याचा कंटाळा आहे, त्यांनी या गेमच्या वाटेला जाऊ नये.

'टॉर्मेंट'चा वारसा वीस वर्षांनी एस्टोनियातल्या लेखक-कलावंतांनी उचलला. त्यांचा 'डिस्को एलिझियम' ऑक्टोबर २०१९ मध्ये आला आणि माझ्या मते या चौघांत तोच सर्वांत मोठा आहे. इथेही नायक स्मृती गमावून जागा होतो, पण तो शवागारात नसून हॉस्टेलच्या उद्ध्वस्त खोलीत, दारूच्या अंमलातून बाहेर येत असतो. तो पोलीस तपास-अधिकारी आहे, मागच्या अंगणातल्या झाडाला एक प्रेत कित्येक दिवसांपासून लटकते आहे, आणि तपास त्याच्याकडे आहे. त्याची चोवीस कौशल्ये त्याच्या डोक्यात वेगवेगळ्या आवाजांत बोलतात, एकमेकांशी भांडतात आणि अनेकदा चुकीचा सल्लाही देतात. प्रत्येक कठीण कृतीसाठी दोन फासे टाकले जातात. दोन सहा पडले तर काम फत्ते, दोन एक पडले तर कौशल्य कितीही असो, फजिती अटळ. पांढऱ्या रंगाच्या चाचणीत अपयश आले तर ते कौशल्य वाढवून पुन्हा प्रयत्न करता येतो, पण लाल चाचणीत एकदाच संधी मिळते.

सुरुवातीचाच प्रसंग पाहा. खोलीतल्या छताच्या पंख्याला नायकाचा भडक टाय अडकून गरगरत असतो. तो काढायला हात घातला आणि फासा उलटा पडला तर शरीराने कमकुवत असलेल्या नायकाला हृदयविकाराचा झटका येऊन गेम त्या खोलीतच संपू शकतो. हा लेखकांनी दिलेला इशारा आहे, कारण यानंतरच्या बहुतेक अपयशांत गेम संपत नाही, उलट गोष्ट अधिक खरी होत जाते. मी बिल चुकवून हॉस्टेलमधून पळ काढायचा प्रयत्न केला, फासे उलटे पडले, आणि नायक ऐटीत मागे वळून उडी मारताना चाकांच्या खुर्चीत बसलेल्या एका म्हातारीवर जाऊन आदळला. मी सवयीने लोड करायला हात पुढे केला आणि थांबले, कारण त्या आजीशी पुढे झालेले बोलणे यशस्वी पलायनात मला मिळालेच नसते. सोबतचा अधिकारी किम कित्सुरागी अशा वेळी ओरडत नाही. तो आपल्या वहीत काहीतरी लिहितो आणि कामाची आठवण करून देतो. त्याच्या त्या संयमाची इतकी ओढ लागते की त्याने नुसते 'ठीक' म्हटले तरी दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

हे सगळे इतके पटते याचे कारण रेवाशोल हे शहर आहे. काही दशकांपूर्वी इथे क्रांती झाली, परकीय फौजांनी ती चिरडली, आणि भिंतींवरची गोळ्यांची भोके अजून कोणी बुजवलेली नाहीत. हरलेल्या शहरात हरलेला माणूस काम करतो आहे, म्हणून इथे अपयश उपरे वाटत नाही. २०२१ च्या आवृत्तीत सगळे संवाद ध्वनिमुद्रित झाल्यामुळे वाचनाचा भारही हलका झाला आहे.

'विचर ३' किंवा 'स्कायरिम' या गाजलेल्या आरपीजींचा उल्लेख न केल्याबद्दल अनेकांना आश्चर्य वाटेल. दोन्ही मी मनापासून खेळले आहेत, आणि 'विचर ३'मधली ब्लडी बॅरनची कथा तर मी कोणत्याही चांगल्या कादंबरीच्या शेजारी ठेवेन. परंतु या दोन्हींत हरणे म्हणजे मुख्यतः लढाईत मरणे आणि पुन्हा लोड करणे, म्हणून त्यांची गाठ या तुलनेशी पडत नाही.

बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजचा 'बाल्डर्स गेट ३' जवळजवळ तीन वर्षे अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला, राहून ३ ऑगस्ट २०२३ रोजी पूर्ण स्वरूपात आला. त्याला १५० जीबी जागा आणि एसएसडी, म्हणजे वेगवान साठवण-डिस्क, लागते, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर तो घेण्याआधी नीट विचार करावा. पार्टी आता चौघांचीच असते, लढाई पाळीपाळीने चालते, आणि संवादात काही पणाला लागले की वीस बाजूंचा फासा स्क्रीनभर फिरतो. सुरुवातीलाच एका लहान मुलीने पवित्र मूर्ती चोरण्याचा प्रयत्न केल्यामुळे तिच्यावर साप रोखून धरलेला असतो. मध्यस्थी करताना माझा फासा कमी पडला, मुलगी पळाली, आणि साप तिला डसला. बाहेर तिचे आईवडील वाट पाहत होते, आणि त्यांना ती बातमी सांगण्याचे काम माझ्यावर आले.

गेमने या पराभवाची सोय केली आहे, ही त्याची थोरवी. मात्र एफ८ दाबताच मागचा सेव्ह उघडतो आणि तो फासा, ते आईवडील सगळे पुसले जाते. या गेमचे सर्वांत चांगले लेखन त्या एका कळीमुळे बहुतेकांच्या नजरेस पडत नाही, अशी माझी खरीखुरी तक्रार आहे. नंतर आलेल्या ऑनर मोडमध्ये एकच सेव्ह मिळतो, पण तिथल्या लढाया इतक्या कठीण आहेत की कथेसाठी खेळणाऱ्याला तो परवडत नाही. लोड न करण्याचा नियम स्वतःच घालून घ्यावा लागतो. तसा घालून खेळताना दुसऱ्या अंकातल्या लास्ट लाइट सराईत मी इझोबेल या पुजारिणीला वाचवू शकले नाही. तिच्या चांदण्याच्या कवचाखाली जगणारी माणसे अंधाराच्या शापाने पालटून आमच्यावरच चालून आली. त्यांत डॅमन नावाचा लोहारही होता, आणि कार्लाक या माझ्या साथीदारणीच्या छातीतले धगधगते यंत्र दुरुस्त करणारे आता कोणी उरले नाही. त्याच सराईत जाहेरा होती, शंभराहून अधिक वर्षांनी म्हातारी झालेली, खालिद केव्हाच गेलेला. १९९८ च्या पायऱ्यांवर मेल्यामुळे जिला भेटायला उशीर होत असे, तिच्या देखत यावेळी मी अख्खी सराई गमावली.

ज्यांना चौघांतला एकच गेम घ्यायचा आहे, त्यांनी 'डिस्को एलिझियम' घ्यावा. मित्रांसोबत खेळायचे असेल आणि मशीन दमदार असेल तर 'बाल्डर्स गेट ३' उत्तम. पहिला 'बाल्डर्स गेट' आणि 'टॉर्मेंट' यांच्या एन्हान्स्ड एडिशन, म्हणजे सुधारून पुन्हा काढलेल्या आवृत्त्या, साध्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवरही चालतात, पण 'टॉर्मेंट' मोठ्या स्क्रीनवरच वाचावा. आणि जे पहिल्यापासून सुरुवात करतील, त्यांनी फ्रेंडली आर्मच्या पायऱ्या चढण्याआधी इमोएनजवळ असलेली जादूच्या बाणांची कांडी तिच्या हाताशी तयार ठेवावी.