फॅमिली ट्रस्टचा दस्त वाचून देणारी सेवा : शिवाजीनगर कोर्टाजवळचं एक वकिली कार्यालय

सगळ्यात आवडलं ते हे, की इथे आधी ट्रस्टचं परिशिष्ट, म्हणजे दस्ताला जोडलेली मालमत्तेची यादी, उघडतात. पतीच्या निधनानंतर वाद होतो तो बहुतेक तिथेच. फ्लॅट परिशिष्टात लिहिलेला असतो, पण ट्रस्टच्या नावाने नोंदणीकृत दस्त झालेलाच नसतो. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही पतीच्याच नावावर असतं. भारतीय न्यास अधिनियम 1882, कलम 5 प्रमाणे हयातीत केलेल्या स्थावराच्या ट्रस्टला नोंदणीकृत दस्तच लागतो. तो नसेल तर घर वारसाहक्कात येतं. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसल्यास पत्नी, दोन मुलं आणि सासूबाई, प्रत्येकी एक चतुर्थांश. सासूबाईंचा वाटा लोक हमखास विसरतात!

दुसरी गाठ ‘पत्नीस हयातभर राहण्याचा हक्क’ या ओळीची. हा हक्क नव्यानेच दिलेला, की पोटगीच्या मूळ हक्कापोटी, हे इथे नीट तपासतात. पोटगीपोटी असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14(1) खाली पूर्ण मालकीचा दावा उभा राहू शकतो, नाहीतर 14(2) आडवं येतं, म्हणजे हक्क राहण्यापुरताच उरतो.

उणीव मोठी आहे: मत तोंडीच देतात. लेखी मागाच. न्यास अधिनियमाच्या कलम 34 चा, म्हणजे ट्रस्टच्या कारभाराबाबत कोर्टाचा सल्ला मागणारा अर्ज ट्रस्टीने करायचा असतो आणि गुंतागुंतीचा प्रश्न त्यात सुटत नाही, दावाच लावावा लागतो, हेही विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

जाताना दुय्यम निबंधकांकडची प्रमाणित प्रत न्या, झेरॉक्स नको. धर्मादाय आयुक्तांकडे चकरा मारू नका, ते कार्यालय सार्वजनिक ट्रस्टचं.