केसीन फिल्मची पाऊच : मे महिन्यापर्यंत झकास, मृग लागला की सांभाळून

देवगडजवळ आमचा आंबापोळी, फणसपोळी नि काजूगराचा घरगुती धंदा आहे. प्लास्टिक कमी करायचं म्हणून यंदा दुधातल्या केसीन या प्रोटीनपासून बनवलेल्या फिल्मची पाऊच ऑनलाइन मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा गुणदोष प्रोटीनच्या फिल्मचाच आहे.

उन्हाळ्यात माल एक नंबर. पारदर्शक, चिवट, वास नाही, आणि ऑक्सिजन अडवायला केसीन खरंच भारी, २०१६ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी अशी फिल्म दाखवली तेव्हा याच गुणाचं कौतुक झालं होतं. आमचे काजूगर अजिबात खवट झाले नाहीत.

पाऊस सुरू झाल्यावर मात्र तीच पाऊच लिबलिबीत झाली. प्रोटीनच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, दमट हवेतलं पाणी मधे शिरलं की ती पकड ढिली पडते, त्यात फिल्म वाकावी म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं ते पण पाणी ओढून घेतं, म्हणजे फिल्म ताणली जास्त जाते पण ताकद उतरते. काउंटरवर आडवी ठेवलेली पाऊच टिकली, हुकाला लटकवलेली नाही. वजन तेवढंच होतं हो! पण सतत लटकत राहिल्यावर गोल भोक हळूहळू लांबुळकं झालं आणि तिथूनच फाटलं, कारण भोकाच्या कडेला ताण बाकी फिल्मच्या जवळपास तिप्पट असतो.

माझा खरा राग पाकिटावरच्या आकड्यावर आहे. ताकद छापलीय, पण ती किती आर्द्रतेला मोजली ते कुठेच नाही. लॅबमध्ये अशा चाचण्या सहसा २३ अंश नि ५० टक्के आर्द्रतेला करतात, आपल्याकडे जुलैत ८०-९० टक्के हवा असते, मग तो आकडा आम्ही काय कामाला घ्यायचा? आणि अगदी कोरडी हवा पण चालत नाही, पुण्याला मावशीकडे एसीत राहिलेली पाऊच घडीवर तडकली.

घ्यायची असेल तर आतलं वेष्टन म्हणून घ्या, सिलिका जेलची पुडी टाकून हवाबंद डब्यात आडवी ठेवा, लटकवू नका. दुधाची अॅलर्जी असलेल्यांसाठी लेबलवर ठळक लिहा, हे विसरू नका.

उन्हाळ्यात ५ पैकी ४, पावसात २. कंपनीने ८५ टक्के आर्द्रतेचा आणि वजन टांगून ठेवल्यावरचा आकडा छापला तर पुढच्या सीझनला परत ऑर्डर देईन.