तळपायाची मधुमेही जखम: प्लास्टर की काढता येणारा बूट?

तळव्याला संवेदना नसलेला रुग्ण जखमेवरच चालत राहतो. त्यामुळे ड्रेसिंगपेक्षा जखमेवरचा दाब काढणं मोलाचं.

पूर्ण स्पर्शाचं प्लास्टर (टोटल कॉन्टॅक्ट कास्ट) पाय आणि पोटरीला घट्ट बसतं आणि दाब पसरवतं. मुख्य फायदा म्हणजे ते रुग्णाला काढता येत नाही. पण पायाची सूज उतरली की ते सैल होऊन घासतं, म्हणून पहिलं प्लास्टर २-३ दिवसांत आणि पुढची साधारण आठवड्याने बदलावीत. बसवायला सरावलेला हात हवा.

जखमेवरचा दाब कमी करणारा खास बूट रोज काढून जखम पाहता येते. जंतुसंसर्ग किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर तोच बरा. अडचण एकच: घरात, रात्री शौचाला जाताना रुग्ण तो घालत नाहीत, आणि तेवढ्या पावलांनी जखम पुन्हा चिघळते. बुटावर प्लास्टरचा एक थर गुंडाळला की तोही काढता येत नाही. हा सोपा उपाय फार कमी वापरला जातो, याची खंत वाटते.

निवडीआधी भोवतालचा घट्टा खरवडा, जखमेत तपासणीची बारीक सळई घालून हाड लागतं का पाहा, पायाची नाडी तपासा. घोटा-दंड रक्तदाब गुणोत्तर (घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा; पायाच्या रक्तपुरवठ्याचा अंदाज) १.३ च्या वर आलं तर खूश होऊ नका. कडक झालेल्या धमन्या आकडा फुगवतात. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजा.