बँकॉकमधली एक महागडी रात्र: मिशलिनचे तारे पाहावेत की ‘एशियाज फिफ्टी बेस्ट’चा क्रमांक?

बँकॉकच्या सहलीत एकाच रात्री खिसा सैल करायचा असे ठरवून रेस्टॉरंट शोधू लागले, की मिशलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेचे तारे (एक ते तीन) आणि ‘एशियाज फिफ्टी बेस्ट’ या आशियातल्या रेस्टॉरंटांच्या वार्षिक यादीतला क्रमांक असे दोन मान समोर येतात. या दोहोंचा कौल नेहमी जुळतोच असे नाही. २०२३ मध्ये ‘ल दू’ (थाई भाषेत ऋतू, शब्दही मूळचा आपल्या संस्कृतातलाच) आशियात पहिले आले, तेव्हा त्याच्याकडे मिशलिनचा एकच तारा होता. उलट थायलंडमधले पहिले तीन तारे २०२४ च्या अखेरीस ‘सोर्न’ला मिळाले, आणि ते त्या यादीत कधीच अव्वल ठरले नव्हते.

मिशलिनचे निरीक्षक ओळख लपवून जेवतात, बिल भरतात, आणि घटकांचा दर्जा, पाककौशल्य, चवींचा मेळ, शेफची स्वतःची छाप व सातत्य एवढेच तपासतात. सजावट आणि सेवा ताऱ्यात धरली जात नाही. म्हणूनच थायलंडच्या पहिल्या आवृत्तीत, डिसेंबर २०१७ मध्ये, रस्त्याकडेला कढईत खेकड्याचे ऑम्लेट तळणाऱ्या जे फाय यांनाही तारा मिळाला. मंद उजेडातल्या शाही मेजवानीची अपेक्षा ठेवून तिथे जाणाऱ्याने आधी रांगेची तयारी ठेवावी. एक मर्यादा मात्र ध्यानात असावी: मिशलिन कोणत्या देशात येणार हे पुष्कळदा तिथल्या पर्यटन खात्याच्या पैशावर ठरते, आणि थायलंडने पाच वर्षांसाठी १४.४ कोटी बाट मोजले होते.

‘एशियाज फिफ्टी बेस्ट’ची यादी २०१३ पासून निघते. तीनशेहून अधिक शेफ, खाद्यलेखक आणि खाण्यासाठी हिंडणारे जाणकार तिच्यासाठी मते देतात, पण त्यांना ठरावीक निकष दिलेले नसतात. त्यामुळे ज्या शहरांत हे लोक वारंवार उतरतात त्यांचे पारडे जड होते, आणि नवे, धाडसी, चर्चेतले स्वयंपाकघर लवकर वर येते. कोलकात्याचे गगन आनंद यांचे ‘गगन’ २०१५ ते २०१८ सलग चार वर्षे आणि पुन्हा २०२५ मध्ये पहिले आले, ते याच बळावर. यादीतला नववा आणि पंधरावा क्रमांक यांतला फरक मी तरी मोजणार नाही.

मुंबईत जेवायचे असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, कारण मिशलिनची भारतासाठी आवृत्तीच निघालेली नाही. महालक्ष्मीचे ‘मास्क’ २०२५ च्या यादीत एकोणिसावे होते. त्याला तारा नाही यावरून त्याच्या दर्जाविषयी काहीच सिद्ध होत नाही. मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांना २०१८ मध्ये तारा मिळाला, भारतीय महिला शेफला मिळालेला तो पहिलाच, पण तो बँकॉकमधल्या ‘गा’साठी, आता तिथे दोन तारे आहेत.

आयुष्यात एकदाच एवढा खर्च करणार असाल, तर बँकॉकमध्ये मी दोन किंवा तीन ताऱ्यांवर विसंबेन, कारण त्यात सातत्याची तपासणी आहे. असे जेवण पुष्कळदा झालेल्याने खुशाल यादीमागे जावे. शाकाहारी माणसाला मात्र दोन्ही मान अपुरे पडतात. ‘सोर्न’सारख्या दक्षिण थाई स्वयंपाकात मासे, खेकडे आणि कोळंबीची चटणी मुरलेली असते, तेव्हा टेबल राखण्यापूर्वीच फिश सॉसही चालत नाही हे स्पष्ट लिहून कळवावे आणि लेखी होकार आल्यावरच आगाऊ पैसे भरावेत.