तळ्याकाठच्या पार्किंगला ग्रास पेव्हर: ब्लॉक ठीक, पण आधी खडी तपासा

सोलापूरच्या कंबर तलावाच्या काठाला पार्किंग करायचंच असेल तर काँक्रीट ओतू नका, ग्रास पेव्हर (पाणी मुरायला भोकं ठेवलेले जाळीचे ब्लॉक) लावा, ही रहिवाशांची मागणी रास्तच म्हणायची. पण निवेदनात एवढंच लिहिलं तर ठेकेदार जाळीचे ब्लॉक आणून काँक्रीटवर बसवून देतो. दिसायला हिरवं, पाणी मात्र पहिल्यासारखंच तेल-धूळ घेऊन तळ्यात.

ब्लॉक ८० मिमी जाडीचा घ्या. ६० मिमीचा स्वस्त पडतो, पण पाण्याचा टँकर त्यावर वळला की जाळीच्या कडा तुटतात. उतरवताना दोन ब्लॉक एकमेकांवर ठोकून पाहा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर क्युरिंग, म्हणजे पाणी मारून मुरवणं, कमी पडलंय. आणि नावात ग्रास असलं तरी गवताचा हट्ट नको. सोलापूरच्या मे महिन्यात त्या मूठभर मातीत काय जगणार? टँकरचं पाणी घालून हिरवळ राखायची, तर मग हा खटाटोप कशासाठी? भोकांत पाव इंची धुतलेली खडी भरा.

खरं काम ब्लॉकच्या खाली आहे. सगळ्यात तळाला दीड इंची खडी २०० मिमी, वर पाऊण इंची १०० मिमी, त्यावर पाव इंची खडीची ४० मिमी गादी. म्हणजे खोदाई साधारण दीड फूट. शंभर चौरस मीटरला नुसती दीड इंची खडीच सात ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागते, दबाईची घट वेगळी. तिच्यात चाळीस टक्के पोकळी धरली तर चौरस मीटरला ८० लिटर पाणी मावतं. सप्टेंबरातला ८० मिमीचा पाऊसही गटारात न धावता खाली थांबतो. मात्र गच्चीचे पाइप यावर सोडायचे नाहीत, हा हिशेब फक्त वर पडणाऱ्या पावसाचा आहे.

बिघडतं ते इथेच. गादीला डस्ट, म्हणजे क्रशरची बारीक भुकटी, वापरायची सवय इतकी पक्की आहे की ड्रॉइंगमध्ये खडी लिहिली तरी साइटवर डस्टच येते. चार पावसांत ती थिजते आणि वरचं पाणी वरच राहतं. खडी आली की मूठभर बाटलीत टाकून पाणी घालून हलवा. पाणी गढूळ झालं तर ट्रक परत.

दुसरा घात काळ्या मातीचा. उन्हाळ्यात खड्डा करून पाणी ओतलं तर भेगांतून भराभरा जातं आणि सगळे खूश होतात. तीच माती भिजली की फुगून बंद होते. म्हणून खोदाईच्या तळाशी फूटभर खोल खड्डा घ्या, संध्याकाळी भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि मग तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरली तर मुरूम लागेपर्यंत खोदा, नाहीतर तळाला भोकं पाडलेला चार इंची पाइप, मीटरला एक सेंटिमीटर ढाळ देऊन टाका. त्याचं तोंड आधी गाळाच्या चेंबरमध्ये. माती आणि खडी यांच्यात जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड, हवंच, नाहीतर चिखल वर येऊन पोकळी भरतो. तळ्याची पावसाळ्यातली सर्वांत वरची पातळी खोदाईच्या तळापासून किमान दोन फूट खाली नसेल, तर तिथे हा पेव्हर लावूच नका. तळ्याचंच पाणी खालून भरणार.

देखभाल फार नाही. मृगाच्या आधी झाडून घ्यायचं, गच्च झालेली इंचभर खडी उकरून बदलायची. शेजारी बागेची माती किंवा वाळूचा ढीग टाकू द्यायचा नाही, इतकंच.

शेवटचं बिल देण्याआधी २० लिटरची बादली एका जागी ओता. पाणी हातभराच्या पुढे पळालं तर तिथला एक ब्लॉक उचलून खाली काय घातलंय ते बघा.